सुलभावहिनींची मतं

"कादंबरी तुम्हाला. मग नाटक कुणाला, वहिनींना काय?" वाचनालयाच्या हत्तरकीबाईंनी मान वर न करता विचारलं.

माझ्या हातात दोन पुस्तकं होती आणि बाईंच्या मागं भिंतीवर रंगानं लिहिलेला नियम होता: एकट्या सभासदास एक पुस्तक, कुटुंबास दोन. मी एकटा होतो. गडहिंग्लजला बदली होऊन आलो त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि शनिवारी नेलेलं पुस्तक रविवारी दुपारच्या चहापर्यंतही टिकत नव्हतं. उरलेला रविवार मग अंगावर यायचा.

"हो," मी म्हणालो.

"नाव सांगा की."

एवढ्या लांबचा मी विचार केला नव्हता. खिडकीतून समोरच्या माडीवरची पाटी दिसत होती. सुलभा शिवणक्लास. "सुलभा," मी म्हणालो. बाईंनी कार्डावर वळणदार अक्षरात 'सौ. सुलभा मारुती शेडगे' असं लिहिलं, शाई फुंकून वाळवली आणि माझं लग्न झालं.

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. त्याआधी का झालं नाही, ही वेगळी कथा आहे आणि ती कुणी छापणार नाही. मी वजनमापे निरीक्षक होतो. म्हणजे गावातल्या दुकानांतली तागडी, वजनं, रॉकेलची मापं तपासायची आणि शिक्के मारायचे. ह्या नोकरीचा एक गुण असा की माणसाला मित्र मिळत नाहीत. मी दुकानात शिरलो की चाललेलं बोलणं बंद व्हायचं. चहा यायचा, खुर्ची यायची, पण शब्द यायचा नाही. आठवडाच्या आठवडा "या साहेब" आणि "बरंय साहेब" ह्यापलीकडं माझ्याशी कुणी बोललेलं मला आठवत नाही.

खोली मगदूम मास्तरांच्या घरामागं होती. खोली दाखवतानाच त्यांनी "फॅमिली?" असं विचारलं होतं, कारण सड्या माणसाला ते जागा देत नसत. मी "गावाकडं" म्हणालो. ते काही खोटं नव्हतं. माझी आई, थोरला भाऊ, वहिनी, पुतणे सगळे माणदेशात, गावाकडंच होते. मास्तरांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं घेतला आणि मी माझ्या सोयीनं गप्प बसलो. दोन्ही वेळचं जेवण आक्काच्या खानावळीत. आक्का कुपन मधोमध फाडून अर्धं स्वतःकडं ठेवायची आणि अर्धं परत द्यायची. ती अर्धी कुपनं माझ्या सगळ्या खिशांतून सापडायची.

तर वाचनालय. हत्तरकीबाईंनी तिथं एक चाल पाडली होती. पुस्तक परत करताना "कसं होतं?" ह्याचं उत्तर दिल्याशिवाय त्या कार्डावरून ते कमी करत नसत. आणि ते उत्तर त्या पुढच्या वाचकाला जसंच्या तसं सांगत. "हे नेऊ नका, नूलकर वकिलांना सपक लागलं." "हे न्या, पण झोप जाईल म्हणत होत्या डॉक्टरीणबाई." निम्मं गाव पुस्तकाचं नाव न बघता ह्या मतांवर पुस्तकं निवडायचं. ज्याचं मत बाई पुढं सांगत तो माणूस गावात कुणीतरी असायचा.

माझं मत त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मी "रचना सैल आहे" किंवा "पात्रं ठसठशीत उतरली आहेत" असं काहीतरी म्हणायचो. बाई "बरं" म्हणायच्या. त्या 'बरं'मध्ये सगळा निकाल असायचा.

पहिल्या वेळी दोन पुस्तकं परत करायला गेलो तेव्हा कादंबरीवर माझं 'रचना सैल' झालं, बाईंचं 'बरं' झालं, आणि मग त्यांनी विचारलं, "आणि वहिनी काय म्हणाल्या?"

ते नाटक तीन अंकी होतं. दोन अंक सासू सुनेला छळते आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी तिला उराशी धरून रडते. मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार हे मलाही ठाऊक नव्हतं.

"ती म्हणाली, पडदा पाडायची वेळ झाली म्हणून सासू शहाणी होत नाही. नाटकातली माणसं घरी गेल्यावर पुन्हा भांडणार, आणि तेव्हा बघायला कुणी नसणार."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या नूलकर वकिलांनी पेपर खाली घेतला. त्यांनी वकिली सोडली होती, पण एकेकाळी नाटकांतून कामं केली होती आणि नाटकावर आपल्याखेरीज कुणी बोलावं हे त्यांना फारसं मानवत नसे. "कोण म्हणालं हे?" त्यांनी विचारलं.

"ह्यांच्या घरातून," बाई म्हणाल्या. माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "बसा की."

त्या वाचनालयात मला कुणी बसा म्हणायची ती पहिली वेळ.

पुढचं सगळं त्या एका 'बसा की'मुळं झालं. सुलभा गावाकडं असते, तिचं पुस्तक एस.टी.नं जातं-येतं आणि मत पत्रानं येतं, असं मी सांगून ठेवलं. मी शनिवारची वाट बघायला लागलो. दर शनिवारी मला कुणीतरी प्रश्न विचारणार होतं आणि माझं उत्तर ऐकायला थांबणार होतं. ज्याच्या घरात जाग आहे त्याला ह्याची किंमत कळायची नाही. मला ती कळत होती, आणि ते हातचं जाऊ नये एवढीच माझी इच्छा होती.

एका ध्येयवादी मास्तरांवरची जाडजूड कादंबरी आली. मास्तर गाव सुधारतात, तुरुंगात जातात, म्हातारपणी सत्कार घेतात. मला ती आवडली होती. सुलभाला नाही. "एवढ्या पानांत त्या मास्तरांच्या बायकोला कुणी एकदा विचारलं नाही, तू जेवलीस का," ती म्हणाली. ऐतिहासिक कादंबरी आली, तिच्यात पानोपानी घोडदौड. सुलभा म्हणाली, "एवढे घोडे, पण वैरण कुठंच दिसली नाही." हे ऐकून नूलकर वकील इतके हसले की त्यांना ठसका लागला. प्रियकर वारल्यावर नायिका पन्नास पानं रडते अशी एक कादंबरी सगळ्या गावानं डोळे पुसत वाचली होती. सुलभानं विचारलं, "तोवर घरात चूल कोण पेटवत होतं?" बाईंनी ते मत इतक्या जणांना सांगितलं की ती कादंबरी पुढं कुणी नेईना.

लोक आता मला रस्त्यात थांबवायला लागले. "वहिनींनी काय वाचलं हो ह्या आठवड्यात?" ज्या दुकानदारांना मी शिक्के मारत होतो त्यांच्या बायका आतून निरोप पाठवायच्या, की नवीन नाटक आलंय ते सुलभावहिनींना कसं वाटलं विचारा. मी दुकानात शिरल्यावर बोलणं बंद व्हायच्या ऐवजी सुरू व्हायला लागलं. निरीक्षक म्हणून नव्हे, सुलभावहिनींचे मिस्टर म्हणून. चालायचंच.

ती मतं मी रचत होतो, असं मात्र मला म्हणवत नाही. संध्याकाळी खाटेवर पडून मी पुस्तक वाचायचो आणि मध्येच कुठंतरी ते वाक्य यायचं. मला त्याचं नवल वाटायचं, कारण माझ्या डोक्यात कायद्याच्या कलमांशिवाय दुसरं काही उगवल्याचा अनुभव नव्हता. वाक्य आलं की मी पुस्तकात कुपन घालायचो आणि छताकडं बघत एकटाच हसायचो. मगदूम मास्तरांच्या बायकोनं एकदा खिडकीतून ते बघितलं. "गावाकडची आटवन आली व्हय?" काकूंनी विचारलं. मी हो म्हणालो.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आईला आता दिसत नव्हतं म्हटलं तरी चाललं असतं. माझा हात हातात घेऊन तिनं चाचपून बघितला आणि वाळलास म्हणाली. माझी आई दुसऱ्यांच्या वाकळा शिवायची. लहानपणी शाळेतून आणलेली पुस्तकं मी तिला वाचून दाखवायचो आणि ती टाके घालत ऐकायची. ऐकायची म्हणजे काय, दर चार ओळींनी मध्ये तोंड घालायची. मला त्याचा इतका राग यायचा की पुढं मी मनात वाचायची सवय लावून घेतली. त्या दिवाळीत तिनं विचारलं, "अजून वाचतूस का रं?"

"वाचतो की."

"मोठ्यानं?"

"आता कोण मोठ्यानं वाचतं? मनात वाचतो."

तिनं माझा हात पुन्हा चाचपला. मग म्हणाली, "मनात वाचल्यावर मदी बोलतंय कोन?"

मी हसलो. भाऊ जेवायला हाक मारत होता, म्हणून उठलो. ती गोष्ट तिथंच राहिली.

संक्रांतीच्या आधी हत्तरकीबाईंनी मला बसवून घेतलं. वाचनालयात दरवर्षी वाचक भगिनींचं हळदीकुंकू व्हायचं. बाई स्वतः विधवा होत्या. सगळी मांडामांड त्याच करायच्या आणि बायका यायला लागल्या की पुस्तकांच्या कपाटांमागं जाऊन उभ्या राहायच्या. यंदा हळदीकुंकवाला सुलभावहिनींनी यायचं आणि वर्षभरात वाचलेल्या नाटकांवर अर्धा तास बोलायचं, असं भगिनींनी ठरवलं होतं. त्यांना एस.टी.नं आणायची जबाबदारी माझी. उतरायला मगदूम मास्तरांचं घर होतंच.

मी घाबरलो. सुलभा नाही हे कळलं तर खोली जाणार होती, पण खोलीचं काय, दुसरी मिळाली असती. 'बसा की' दुसरीकडं कुठं मिळणार होतं?

"तिची प्रकृती बरी नसते," मी म्हणालो.

"काय होतं?"

"अशक्तपणा."

अशक्तपणा हा शब्द काही मोठा नाही, पण गावानं तो मनावर घेतला. नूलकर वकिलांनी बेळगावच्या डॉक्टरचा पत्ता दिला. डॉक्टरीणबाईंनी टॉनिकची बाटली दिली. काकूंनी नाचणीचं सत्त्व करून डबा भरून दिला. वाण म्हणून वाटलेलं पुस्तक, तिळगूळ आणि हळदीकुंकवाची पुडी बाईंनी माझ्याकडं दिली, वहिनींना द्या म्हणाल्या. टॉनिक मी प्यायलो, नाचणीचं सत्त्व मी खाल्लं. पुडी तेवढी खिडकीत राहिली. ती कुणाला द्यायची? आई माझ्या जन्मानंतर दोनच वर्षांनी विधवा झाली होती. तिच्या कपाळाला कुंकू लावायला कुणी येत नव्हतं.

ह्यानंतर "वहिनी काय म्हणाल्या?" च्या आधी लोक "वहिनी कशा आहेत?" असं विचारायला लागले. मी "आहे तशीच" म्हणायचो. सुलभाची मतं मात्र थकली नव्हती. त्या सुमारास शहरातल्या एका माणसावरची कादंबरी आली. हा माणूस भाड्याच्या खोलीत राहतो, कामावर जातो, परत येतो, कुणाशी बोलत नाही, आणि शेवटी खिडकी लावून घेतो. बस्स. समीक्षकांनी ती डोक्यावर घेतली होती. मी ती सलग दोनदा वाचली. परत करताना मी "अस्वस्थ करणारी आहे" म्हणालो. बाई "बरं" म्हणाल्या. मग त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.

"ती म्हणाली," मी म्हणालो, "ह्या माणसाला कुणीतरी एकदा नावानं हाक मारली असती, तर कादंबरी विसाव्या पानावर संपली असती."

बाईंनी कार्डावर काही लिहिलं नाही. त्यांनी ते पुस्तक कपाटात न ठेवता टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे मत मी कुणाला सांगणार नाही."

त्याच आठवड्यात ऑफिसात तार आली. आई गेली होती.

मी कुणाला काही न सांगता एस.टी. धरली. आई आहे हेच मी गडहिंग्लजमध्ये कुणाला सांगितलेलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. गावी सगळं थोरल्या भावाच्या हातात होतं. लाकडं त्यानं आणली, ब्राह्मण त्यानं सांगितला, पाव्हण्यांशी तोच बोलला. माझं काम डोकं पुढं करायचं, न्हाव्यानं ते भादरलं. बायका गळा काढत होत्या आणि मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला रडू आलं नाही. एका पाव्हण्यानं दुसऱ्याला म्हटलेलं मी ऐकलं, धाकटा नोकरीमुळं दगड झालाय. तेरावं उरकून मी परत निघालो. येताना आईची सुई मागून घ्यावी असं मनात होतं. घेतली नाही. वहिनीला काय सांगणार, कशाला हवी?

गडहिंग्लजला सकाळी पोचलो. गोटा केलेलं डोकं टोपीनं झाकत नाही. मगदूम मास्तरांनी दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वंगाळ झालं," ते म्हणाले. आतून काकूंच्या हुंदक्याचा आवाज आला. डोकं भादरलेल्या माणसाला कोण गेलं असं विचारायची आपल्याकडं रीत नाही. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मला वाटलं, ह्यांना कुठून तरी कळलं असेल.

ऑफिसातही तसंच झालं. संध्याकाळी राहिलेली दोन पुस्तकं परत करायला वाचनालयात गेलो. दाराशी फळा असतो, त्यावर नवीन पुस्तकांची नावं असायची. त्या दिवशी नव्हती. फळा धुऊन त्यावर लिहिलं होतं:

आमच्या चोखंदळ वाचक
सौ. सुलभा शेडगे
यांना वाचनालय परिवाराची श्रद्धांजली

मी ते वाचलं आणि मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. सुलभा आजारी होती, घरून तार आली होती, आणि मूलबाळ नसलेल्या माणसाला बायकोचं सगळं स्वतःच करावं लागतं. गावाचा हिशेब बिनचूक होता. फक्त माणूस चुकलं होतं.

मी मागं वळणार होतो. पण नूलकर वकील आतून आले, त्यांनी माझ्या हाताला धरून आत नेलं आणि पुढच्या खुर्चीवर बसवलं. वाचनालय भरलं होतं. सतरंजीवर बायका होत्या, मागं दुकानदार उभे होते. टेबलावर फोटो नव्हता, कारण तो कुणाकडं असणार? फोटोच्या जागी बाईंनी सुलभाचं कार्ड ठेवलं होतं आणि त्याला मोगऱ्याचा लहान गजरा घातला होता.

उठून सांगावं, हे मला दहादा वाटलं. सांगितलं असतं तर त्याच क्षणी मी पुन्हा वजनमापे निरीक्षक झालो असतो, आणि तोही लबाड.

वकील बोलायला उभे राहिले. मी वहिनींना पाहिलं नाही, ते म्हणाले, पण मी साठ वर्षं जे वाचत आलो ते त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग ते घोड्यांचं सांगितलं. हल्ली कुठलीही ऐतिहासिक कादंबरी उघडली की मी आधी वैरण शोधतो, ते म्हणाले. लोक हसले आणि लगेच गप्प झाले.

आणि मला आईचा आवाज ऐकू आला. मी दुसरी-तिसरीत असेन. राजाची कसलीशी गोष्ट वाचत होतो, त्यात फौज सात दिवस दौडत होती. आईनं दातानं दोरा तोडला आणि विचारलं, "आन् घोडी खात्यात काय?" मी चिडून म्हणालो होतो, मध्ये बोलू नको.

मग काकू उभ्या राहिल्या. त्यांना बोलायची सवय नव्हती. पदर तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "मी काय शिकलेली न्हाई. पन त्या मास्तरच्या बायकूचं जे वैनींनी सांगितलं, ते ह्यास्नी कुनीतरी सांगितलं. तवापास्नं हे रोज इचारत्यात मला, जेवलीस काय म्हनून. चाळीस वर्सांत कवा इचारलं नव्हतं." मगदूम मास्तर मागं उभे होते, ते जमिनीकडं बघत राहिले.

तू जेवलीस का. आईला हे कुणी विचारलं होतं? भावानं नाही, मीही नाही. तीच ते प्रत्येक गोष्टीतल्या प्रत्येक बाईबद्दल विचारायची. राणीबद्दल, म्हातारीबद्दल, राक्षसानं पळवलेल्या पोरीबद्दल सुद्धा.

शेवटी हत्तरकीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी खणातून ती शहरातल्या माणसाची कादंबरी काढली. हे मत मी कुणाला सांगणार नव्हते, त्या म्हणाल्या, पण आज सांगते. आणि त्यांनी ते सांगितलं. नावानं हाक मारली असती तर विसाव्या पानावर संपली असती.

"हाक मार की रं त्येला कुनीतरी." हेही आईच म्हणाली होती. कुठल्याशा गोष्टीत जंगलात वाट चुकलेला माणूस होता. तिचे हात थांबले होते, वाकळ मांडीवर तशीच होती आणि ती खरोखर मला सांगत होती, की तू वाचतोयस तर तूच हाक मार.

मनात वाचल्यावर मदी बोलतंय कोन, असं तिनं दिवाळीत विचारलं होतं. उत्तर इतके महिने मी दर शनिवारी टेबलापलीकडं सांगत होतो. तिला तेवढं सांगितलं नव्हतं.

सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले, आणि मी रडलो. गावी रडलो नाही ते सगळं तिथं रडलो, लहान मुलासारखं, आवाज करून. कुणी मला थांबवलं नाही. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून पायाशी ठेवला. परक्या गावात, कधी नसलेल्या बाईच्या सभेत माझ्या आईला माणसं रडत होती, आणि मी सोडून कुणाला ते माहीत नव्हतं.

लोक एकेक करून हात जोडून गेले. मी बसून राहिलो. बाईंनी खिडक्या लावल्या, कार्डावरचा गजरा काढला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"जेवायला कुठं, आक्काकडंच?"

"हो."

त्यांनी खण उघडला आणि मूठभर कागद टेबलावर ठेवले. अर्धी फाडलेली कुपनं. खानावळीचा शिक्का असलेली, चुरगळलेली, काहींवर आमटीचा डाग.

"ही तुमच्या पुस्तकांत सापडायची," त्या म्हणाल्या. "आणि वहिनींच्याही. बायकांच्या हातातनं पुस्तक आलं की कळतं. हळदीचं बोट असतं, पिठाचा डाग असतो, खुणेला लोकरीचा धागा असतो. वहिनींचं पुस्तक गावाला जाऊन यायचं आणि त्यात खूण मात्र आक्काच्या खानावळीची."

मी कुपनांकडं बघत राहिलो. "कधीपासून कळलं होतं?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर वहिनींचं बोलणं बंद झालं असतं." त्यांनी कुपनं एकावर एक रचली. "मला तरी शनिवारी दुसरं काय होतं?"

बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. बाईंनी पदरानं चष्मा पुसला. "सभा वकिलांनी ठरवली. मी अडवली नाही. कुणीतरी गेलंय हे तुमच्या डोक्यावरून सकाळीच गावभर झालं होतं, आणि ही मतं ज्या कुणाची, तेच गेलं असणार, असं मला वाटलं. कोण होतं?"

"आई."

"नाव काय त्यांचं?"

"अनसूया."

ह्या गावात ते नाव मी पहिल्यांदा उच्चारलं. बाई उठल्या, फडकं ओलं करून दाराशी गेल्या. मी मागोमाग गेलो. त्यांनी फळ्यावरचं 'सौ. सुलभा' तेवढं पुसलं, बाकीच्या अक्षरांना धक्का लागू न देता. फळा वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथं उभे होतो. मग त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

माझं अक्षर चांगलं नाही. 'अनसूया' जरा तिरकं आलं.

वाचनालयाच्या रिवाजाप्रमाणं श्रद्धांजली तीन दिवस फळ्यावर राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवायला निघालो तर फळ्यासमोर नूलकर वकील आणि मगदूमकाकू उभ्या होत्या. मी कोपऱ्यावरच थबकलो. वकिलांनी चष्मा वर करून पुन्हा पुन्हा वाचलं आणि आत हाक दिली, "हत्तरकीबाई, अहो ही अनसूया कोण?"

आतून बाईंचा आवाज आला, नेहमीसारखा, मान वर न करता बोलल्यासारखा.

"माहेरचं नाव ते त्यांचं."

"असं होय," वकील म्हणाले. काकूंनी फळ्याला हात जोडले आणि "किती ग्वाड नाव," असं म्हणून त्या मंडईकडं गेल्या. मी खानावळीत जाऊन जेवलो. आक्कानं परत दिलेलं अर्धं कुपन नीट घडी घालून खिशात ठेवलं, कारण शनिवारी दोन पुस्तकं आणायची होती.